साडूंच्या तीन छत्र्या

आमच्या साडूंचा जगातल्या कुठल्याही चालत्या वस्तूवर विश्वास नाही. बंद पडलेल्या वस्तूवर मात्र त्यांची गाढ श्रद्धा. बंद पंखा दिसला की जुना मित्र भेटल्यासारखे ते त्याच्याखाली निवांत बसतात. आणि पंखा फिरत असला, तर खुर्ची जरा बाजूला ओढून मान वर करून त्याच्याकडे संशयाने बघत राहतात. जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. त्यातून त्यांनी स्वतःपुरता एकच नियम काढला होता, की जे बिघडू शकतं ते आपण पाठ फिरवायचीच वाट बघत असतं. त्यामुळे खिशात दोन पेनं, मनगटावर एक घड्याळ आणि पिशवीत दुसरं. धुळ्याला आमच्याकडे यायला निघाले की एसटीत बसताबसताच कंडक्टरला सांगायचे, “ही पारोळ्याला बंद पडणार.” गाडी धड पोचली, की स्टँडवर उतरताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्याला वाटावं, हे कुणाच्या तरी दहाव्याला आलेत. मुलाच्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगितले होते. “एकाला ऐन वेळी ताप आला तर?” ताप कुणालाच आला नाही. दोघेही वेळेवर हजर झाले आणि मंगलाष्टकं कुणी म्हणायची यावरून मांडवात असे भांडले, की नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना पायांची अदलाबदल करत ताटकळत राहिले. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती या माणसाबरोबर इतकी वर्षं हसतमुखाने राहिली. ती कधी बिघडेल याची धास्तीही त्यांना असणारच. पण तसं तिच्यासमोर बोलण्याइतके ते शास्त्रज्ञ नव्हते.

तरुणपणी त्यांना मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काम करायची संधी आली होती. घरच्यांनी जळगाव सोडू दिलं नाही. ती गोष्ट ते कधी काढत नसत. पण निवृत्त झाल्यावर, ज्या माणसाचा एका यंत्रावरही विश्वास नाही, त्याने तीन यंत्रं एकमेकांना जोडायचं ठरवलं! केबलवाल्यांच्या गच्चीवर पूर्वी असायच्या तसल्या तीन भल्यामोठ्या छत्र्या त्यांनी भंगारातून उचलल्या. एक त्यांच्या जळगावच्या गच्चीवर, एक धुळ्याला माझ्या गच्चीवर आणि तिसरी यावलला आबांच्या केळीच्या बागेत. आबा म्हणजे साडूंच्या बहिणीचे यजमान. तिन्ही छत्र्या मोटरच्या जोरावर दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरायच्या, सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपायच्या, आणि ते सगळं इंटरनेटवरून जळगावच्या कॉम्प्युटरवर तीन रेषांच्या रूपाने उमटायचं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. मला त्यांनी ते असं समजावलं: “एकाच ठिकाणी आवाज आला, तर ती कुणाची तरी पाण्याची मोटर. दोन ठिकाणी आला, तर विजेची मोठी लाइन. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आला, तरच सूर्य.” एवढं बोलून त्यांनी उसासा टाकला. “आणि तिन्ही एकाच वेळी चालणं या जन्मी तरी शक्य नाही.”

आणि खरोखरच ते शक्य होत नव्हतं. जळगावची सुरू असली की यावलची वीज जायची. यावलची वीज आली की धुळ्याचं इंटरनेट जायचं. सातपुड्यातून उतरलेलं एक वानर यावलच्या छत्रीच्या दांडीवर रोज सकाळी येऊन ऊन खात बसे, आणि आबा त्याला हाकलत नसत, कारण मारुतीरायाला हाकलायचं कसं? एकदा उन्हाळ्यात धुळ्याची रेषा दुपारी एकाएकी खाली बसली. साडू सुटे भाग भरलेल्या दोन पिशव्या घेऊन पहिल्या एसटीने आले. गच्चीवर चढून बघतात तो छत्रीत आमच्या शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या. काकू मागोमाग वर आल्या आणि निरागसपणे म्हणाल्या, “भाऊ, हाई येवढं मोठं ताट रिकामंच शे ना?” साडूंनी एक ओली कुरडई तोंडात टाकली, चघळली आणि माझ्याकडे वळून खिन्नपणे म्हणाले, “मीठसुद्धा जास्त झालंय.”

अशा वेळी दुसरा कुणी थांबला असता. साडू थांबले नाहीत, कारण देशभरातल्या हौशी मंडळींनी अशाच छत्र्या एकमेकांना जोडून एक मोठं जाळं उभं केलं होतं आणि त्यात शिरायची त्यांची इच्छा होती. त्या मंडळींची अट साधी होती: तिन्ही छत्र्या एक अख्खा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, न थांबता चालवून दाखवा. बाकी सगळे गच्चीवरच्या त्या प्रकाराला खूळ म्हणत. या जाळ्यात घेतलं असतं, तर त्याला कुणीतरी दुर्बीण म्हटलं असतं. एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते म्हणाले नाहीत, अक्काने मला सांगितलं.

दिवाळीनंतरचा एक स्वच्छ दिवस ठरला. मी धुळ्याच्या गच्चीवर, आबा बागेत आणि साडू जळगावला कॉम्प्युटरसमोर. तिघांचे फोन एकमेकांना जोडलेले. सकाळ सुरळीत गेली. वानर आलं नाही. काकूंनी त्यांच्याकडची गच्चीची किल्ली स्वतः माझ्या हातात दिली होती. वीज कुठेही गेली नाही. ऊन चढत गेलं तसा माझा उत्साह वाढत गेला आणि साडूंचा आवाज बसत गेला.

“वीज गेली नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, साडूभाऊ. छान चाललंय!”

“हेच तर म्हणतो मी,” ते म्हणाले.

जेवणवेळ टळली तेव्हा त्यांनी जाहीर केलं की काहीतरी भयंकर चुकलंय. तीन रेषा एकमेकींसारख्या दिसत होत्या. याच दृश्यासाठी त्यांनी एवढी वर्षं घातली होती, पण आता त्यांना ते बघवेना. कॉम्प्युटर मघाचीच माहिती पुन्हापुन्हा दाखवतोय, यावलची छत्री केव्हाच मेली आहे आणि आपल्याला तिचं भूत दिसतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. “आबा,” त्यांनी हाक मारली, “एकदा मेन बटन बंद करून परत चालू करा.”

“चालू हाये ना, मास्तर,” आबा म्हणाले. “चालत्या मोटरले कोनी हात लावतं का?”

“नुसतं एकदा. खात्री करायला.”

“कायची खात्री? फिरते हाये ना माह्या डोयासमोर.”

मागून अक्काचा आवाज ऐकू आला, “अहो, राहू द्या ना.” मीही म्हणालो, राहू द्या. तेव्हा साडू, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, ते जवळजवळ रडवेल्या आवाजात ओरडले, “बंद करा म्हणतो ना!”

आबांनी बटन बंद केलं.

जळगावच्या कॉम्प्युटरवर तिसरी रेषा तत्काळ खाली कोसळली. म्हणजे ती जिवंत होती. तिन्ही जिवंत होत्या. मग साडू हळूच म्हणाले, “आबा, चालू करा.” आबांनी बटन दाबलं. मोटर घुर्र झाली आणि थांबली. त्यांनी परत दाबलं, थापट्या मारल्या, शिव्या घातल्या. ती काही फिरली नाही. ऊन कलत गेलं, सूर्य पुढे सरकला आणि यावलची छत्री जिथल्या तिथे आ वासून राहिली. थोड्याच वेळात सूर्यावर मोठा भडका उडाला. माझ्या आणि जळगावच्या रेषेने एकाच क्षणी उसळी घेतली. देशभरातल्या सगळ्यांना तो दिसला. संध्याकाळी त्या मंडळींच्या प्रमुखांचा फोन आला. भले गृहस्थ होते ते. म्हणाले, तुमच्या दोन नोंदी आमच्या नोंदींशी तंतोतंत जुळतात, तिसरी आम्ही धरून चालतो. साडू म्हणाले, “नको. तिसरं नव्हतं.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते; कॉम्प्युटर बंद होता. मी काही समजुतीचं बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, “तिन्ही यंत्रं चांगली होती हो. चौथं बिघडलं.” चौथं कोणतं, हे मी विचारलं नाही. अक्काने चहा आणला. त्यांनी तो गार होऊ दिला.

पुन्हा प्रयत्न करू, असं मी म्हणत राहिलो, आबाही म्हणत राहिले. पण साडूंनी मनावर घेतलं नाही. मग अक्काचे गुडघे दुखायला लागले आणि बंगळुरूच्या मुलाने दोघांना तिकडे बोलावून घेतलं. जाण्याआधी त्यांनी छत्र्यांच्या मोटरी काढून नेल्या. यावलच्या छत्रीत आबा आता म्हशीला सरकीची ढेप कालवून देतात. म्हैस खूश आहे म्हणतात.

मुलगा विसाव्या मजल्यावर राहतो. मी एकदा जाऊन आलो. साडू बाल्कनीत बसले होते. चांगली दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे, आणि हात नुसते मांडीवर. “इथं काही बिघडतच नाही हो,” मला म्हणाले. “लिफ्टसुद्धा.” इतका एकटा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

हल्ली दुपारी त्यांचा फोन येतो. अक्काची तब्येत, माझा रक्तदाब, हवापाणी. ते झालं, की जरा घुटमळून विचारतात, “तुमच्याकडे वीज आहे का?”

परवा वीज होती. डोक्यावर पंखा फिरत होता, फ्रिज घुमत होता, टीव्हीवर सौ.ची मालिका चालली होती. मी तिला आवाज कमी करायची खूण केली आणि म्हणालो, “गेलीय हो. मघापासून.”

“बाकीच्या घरांत आहे?” त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला. आहे, मी म्हणालो. “मग तुमच्याच घरात काहीतरी आहे. घाबरू नका. आधी मीटरपाशी जा. गेलात? आता मी सांगतो तसं करा…” आणि ते सांगत राहिले, सावकाश, एकेक तार हातात धरून दाखवावी तसं, आणि मी पंख्याखाली बसून हो, हो म्हणत राहिलो.