पुसायच्या आधी पुसा

"पुसायच्या आधी पुसा." बालवर्गाच्या बाई दिवसातून दहादा हे म्हणत. खोडण्याआधी विचारा, असा त्याचा अर्थ. फळ्याकडे फडकं घेऊन निघालेल्या झाडलोटीच्या मावशी मुद्दाम थबकत. "यातलं कोणतं पुसू, बाई?"

"आधी दुसरं, मग पहिलं."

वर्गात मुलं बावीस आणि खोडरबर एक. तेही बाईंच्या टेबलाच्या पायाला आखूड सुतळीनं बांधलेलं. ज्याचं चुकलं त्यानं टेबलापाशी यायचं, असं का लिहिलं ते सांगायचं, मगच रबराला हात लावायचा. 'व'चं पोट उलट्या बाजूला काढणारा सांगे, "बाई, त्याला तिकडे तोंड करून झोपायचं होतं." बाई गंभीरपणे मान डोलावत. "बरं. आता त्याला कूस बदलायला सांग."

"रबर काय सोन्याचं आहे, दाव्याला बांधायला?" मावशी चिडवत.

"बकरी आहे ती. मोकळी सोडली तर वह्या चरून टाकील."

अशी सव्वीस वर्षं गेली.

शेवटच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. शिवणकाम करणाऱ्या बाईची लेक. एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. 'घर' वाचलं की थांबायची आणि विचारायची, "आत कोण आहे?" पुढच्या शब्दाला पोचेपर्यंत वर्ग डबे उघडून बसलेला असे. बाईंनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. तिलाही ते आवडलं.

त्याच वर्षी वरून नवा नियम आला. वर्ष संपताना प्रत्येक मुलानं सांगितलेले दहा आकडे लिहायचे. सातपेक्षा कमी बरोबर आले, तो वेगळ्या वर्गात, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. लोक त्याला पूर्वीपासून ठोंब्यांचा वर्ग म्हणत.

गोगलगाईची आई धावत आली. गळ्यातली मापाची टेप काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"बाई, तिला तिकडे नका पाठवू. मी त्याच वर्गात शिकले. अजून गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा मी दोनदा विचारते, आणि दुसऱ्यांदा विचारताना मान वर होत नाही."

"तिची काळजी माझ्यावर सोड," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून त्यांचा डबा अर्धा परत जाऊ लागला.

परीक्षेच्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं नळावर गेली. तपासणीच्या मॅडम शेजारच्या वर्गात होत्या. बाईंनी गोगलगाईचा कागद उचलला. सहा बरोबर. पुन्हा मोजले, तरी सहाच. पंचवीसचे बावन्न झाले होते. पाच आधी ऐकू आले म्हणून तिनं ते आधी लिहिले. आणि एकोणतीसच्या जागी होते एकोणचाळीस.

बाई खाली वाकल्या. सुतळी आखूड, म्हणून जमिनीवर गुडघे टेकावे लागले. कागद फरशीवर ठेवून त्यांनी तीन खोडला आणि तिथे दोन काढला. कुणालाही पुसलं नाही.

मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी मुलीला बोलावलं.

"बाळ, हे तू खोडलंस?"

मुलीनं कागद पाहिला, मग बाईंकडे पाहिलं. "नाही. मी तीन काढला होता."

"तीन का?"

या प्रश्नाची तिला सवय होती. ती नेहमीसारखी टेबलाच्या पायापाशी जाऊन उभी राहिली. "एकोणीसमध्ये नऊ असतात. म्हणजे एकोण म्हणजे नऊ. आणि तीस म्हणजे तीन. झालं एकोणतीस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आकडा चुकलाय," त्या म्हणाल्या, "पण डोकं सरळ चाललंय. हिला तिकडे पाठवायचं काही कारण नाही. तसं मी माझ्या सहीनं लिहीन." मग आवाज उतरला. "पण बाई, तुम्ही कागदाला हात लावलात. तेही लिहावं लागेल. मुलीला नुसतं विचारलं असतंत तरी..."

"तेच तर केलं नाही," बाई म्हणाल्या. "लिहा. खोडू मात्र नका."

आठ दिवसांत बाईंना कामावरून कमी केल्याचा कागद आला. बाईंनी पिशवी भरली आणि रबर सोडायला वाकल्या. सव्वीस वर्षांची गाठ, ती कसली सुटते. मावशींनी कात्री पुढे केली.

"नको. राहू दे इथेच."

मुलांना काही न सांगता त्या बाहेर पडल्या. गोगलगाय बाकावर चढून खिडकीला चिकटली होती. तिनं मावशींचा पदर ओढला.

"मावशी, बाईंना पुसलं का?"

मावशींना कळेना, यातलं कोणतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी खिडकीतून बघत राहिल्या. बाई रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या, पिशवी या हातातून त्या हातात घेत. वळणावर त्या जरा थांबल्या, मागे न बघता पिशवी पुन्हा बदलली, आणि वळल्या.