ऑस्बर्नच्या वाट्याचा भोपळा

जमैकातल्या आमच्या मँडेव्हिल-किंग्स्टन बसगाडीचा ड्रायव्हर ऑस्बर्न कुणासाठी थांबायचा नाही. मी दर शनिवारी कांद्याची पात घेऊन किंग्स्टनच्या बाजाराला जाते. माझं एक पोतं रस्त्यावरच ठेवून त्याने गाडी हाणली होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मेलरोझच्या चढावर रस्त्याकडेला जेवण विकणाऱ्या मिस मर्टलची चूल दिसली, की याच माणसाचा पाय आपसूक ब्रेकवर.

मग सगळे खाली उतरणार. निखाऱ्यावर भाजलेलं कोनफळ, त्यावर लोणी, सोबत खारवलेला मासा आणि घशाला झोंबणारं आल्याचं सरबत. पण मर्टलचं नाव होतं ते मॅनिश वॉटरसाठी. नावाला पाणी, खरा तो बोकडाच्या मुंडीचा रस्सा, त्यात कच्ची केळी, वरून पांढरी रम. त्याने पुरुषांच्या अंगात काय संचारतं म्हणतात, ते मी सांगत बसत नाही. लग्नात तो नवरदेवाला आवर्जून पाजतात, यावरून काय ते ओळखा.

ऑस्बर्न पहिल्यांदा तिथे थांबला, तेव्हा मर्टलने त्याच्यापुढे पेला धरला होता. भरल्या गाडीसमोर हा छाती काढून म्हणाला, "मला नाही याची गरज. म्हाताऱ्यांना द्या."

मर्टलने पेला शांतपणे आमच्या चर्चच्या डीकन स्पेन्सना दिला. सत्तरीचे डीकन नाही म्हणाले नाहीत. तेव्हापासून ऑस्बर्नने कितीही वेळा रस्सा मागितला, तरी ती विचारायची, "ड्रायव्हरसाहेब, तुम्हाला कुठे गरज आहे?" आणि भोपळ्याचं सूप वाढायची. तो ते मुकाट्याने प्यायचा. हा काही भोपळ्यासाठी थांबत नाही, हे अख्ख्या गाडीला कळत होतं. बोलायची मात्र त्याची छाती होत नव्हती.

मग मालकाने फर्मान काढलं, की सोमवारपासून गाडी नव्या टोल रस्त्याने जाईल. त्या रस्त्यावर मेलरोझ लागत नाही.

त्या शनिवारी आमचं खाऊन झालं, हात धुऊन झाले, तरी ऑस्बर्न चुलीपाशीच उभा. शेवटी माझंच डोकं फिरलं. "अरे बोल की बाबा," मी म्हटलं, "माझी पात सुकतेय."

"मिस मर्टल," तो एकदाचा म्हणाला, "मला गरज आहे."

"कशाची?"

"रश्श्याची." डीकन खाकरले. ऑस्बर्नने मान खाली घातली. "तुझी."

मर्टलने डाव रश्श्यात बुडवला, काठोकाठ भरून वर काढला आणि परत पातेल्यात ओतला. एवढं सगळ्यांसमोर कबूल करून बिचाऱ्याच्या नशिबी पुन्हा भोपळाच? आणि खरोखर तिने भोपळ्याचाच पेला भरून त्याच्या हातात दिला.

"रस्सा लग्नाच्या दिवशी," ती म्हणाली. "तोवर हेच प्यायचं, ऑस्बर्न. घे, गार होतंय."

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. पातीने केव्हाच मान टाकली होती. ऑस्बर्नने पेला एका दमात संपवला, आणि गाडी खोळंबलेली असताना दुसरा मागितला.