वास येईनासा झाला तेव्हा

माझे वडील जुन्या जालन्यात धान्याची पोती वाहायचे. घरात दहावीच्या पुढं कुणी शिकलेलं नव्हतं. कॉलेजात माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे, आणि प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांशीही नाही. त्यांच्या कपड्यांना प्रयोगात लागणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड गॅसचा, सडक्या अंड्यांचा वास यायचा.

तो गॅस विषारी आणि लगेच पेट घेणारा. मामा आधी सगळे बर्नर विझवत, खिडक्या उघडत, मग गॅसच्या उपकरणाची तोटी सोडून, गॅस येतोय का ते कळावं म्हणून मला विचारत, "वास येऊन राह्यला का, पोरा? माझं नाक तर कामातून गेलं."

परीक्षेआधी एकदा मी एकटाच गॅसची तोटी सोडून सराव करत होतो. वहीची पानं उडतात म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. मामा आत आले. मी खुशीत म्हणालो, "मामा, आता वास बिलकुल न्हाई."

त्यांनी झटकन तोटी बंद केली आणि मला व्हरांड्यात ओढलं. "येड्या, गॅस वाढला की आधी नाकच मरतं! मंग माणूस."

माझं डोकं गरगरत होतं. ते थांबेपर्यंत मामा पायरीवर शेजारी बसले. अर्धी भाकर मला देत म्हणाले, "सोबत कुणी असलं की जेवण जातं बघ."

त्यानंतरचा सगळा सराव मी मामांना जवळ उभं करूनच केला. त्या वर्षी मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला.