हाताचा गुण
कानाचा साचा घ्यायची गुलाबी पेस्ट कालवली की तिचा गोडसर वास येतो आणि मला दाभोळची ती म्हातारी आजी आठवते. ऑडिऑलॉजीच्या डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी रत्नागिरीत आमच्या कॉलेजचं शिबिर होतं. जिल्हा माझा, भाषा माझी, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते. पण आजीच्या कानाचा मी घेतलेला साचा नीट बसेना, त्याला जोडलेलं ऐकू येण्याचं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि माझ्या केरळच्या मैत्रिणीला नवा घ्यायला सांगितलं. मराठीचा एक शब्द न येणाऱ्या त्या पोरीचा साचा पुढच्या खेपेला पहिल्याच झटक्यात बसला. मागून सुनेने मारलेली हाक आजीला ऐकू आली. तिने डोळे पुसले, मैत्रिणीचे हात धरले आणि मला म्हणाली, "हिच्या हाताला गुण हाय गो. सांग तिला." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मैत्रिणीने विचारलं, "क्या बोल रही हैं?" मी म्हटलं, "बोल रही हैं, कान में चुभता है." तिचा चेहरा पडला. तो छान बसलेला साचा काढून ती कानशीने घासायला लागली. आजी मात्र माझ्याकडेच बघत राहिली. जन्मभर मुंबईच्या व्यापाऱ्यांना मासळी विकलेल्या तिला हिंदी चांगली कळत होती. आता पेशंट माझ्या हाताला गुण आहे म्हणतात, तेव्हा माझी मान खाली जाते. ते खोटं आजीने ऐकलं होतं, मैत्रिणीच्याच साच्यातून, अगदी स्वच्छ.