हॉस्टेलच्या मापाची गादी

वाशीममधून शिकायला बाहेर गेलेली निम्मी पोरं माझ्या वडिलांनी भरलेल्या गादीवर झोपून डॉक्टर, इंजिनिअर आणि तलाठी झाली आहेत. उरलेल्या निम्म्यांनी गादी दुसरीकडून घेतली. त्यांचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही, पण कंबर धरून बसलेली असणार, एवढं नक्की.

आमचं गादी-रजईचं दुकान. अब्बा कापूस पिंजतात, गादी भरतात, टाके घालतात. अम्मी खोळी शिवते. मी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलते. हेही एक कामच आहे, फक्त अब्बा ते मानत नाहीत. घरात उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे बोलायला माल कधी कमी पडत नाही.

तर हॉस्टेलची गादी. ती अडीच फुटांची असते, लोखंडी खाटेच्या मापाची. घरच्या पलंगावर टाकली तर दोन्ही बाजूंना फळी उघडी राहते आणि फरशीवर अंथरली तर कूस बदलणारा माणूस थेट उंबऱ्यापाशी सापडतो. हॉस्टेल सोडून जगात तिचा कुठंच उपयोग नाही. आणि ती भरायची मे महिन्यात, कारण पावसाळ्यात अब्बा गादी भरत नाहीत. हवा ओली असते, पिंजलेला कापूस ती पिऊन घेतो आणि दसऱ्यापर्यंत गादीला असा वास सुटतो की झोपणारा उठून अभ्यासाला बसतो. कॉलेजवाल्यांना मात्र कापसातलं काही कळत नाही. ते निकाल लावतात ऐन पावसात. म्हणून आमच्याकडे रीत अशी की निकालाच्या आधीच, पोराच्या भरवशावर, गादी सांगून ठेवायची. नंबर लागला तर पोरगं गादीसकट एसटीत बसतं. नाही लागला तर ती गादी दिवाळीनंतर गुपचूप उसवली जाते, तिची रजई होते आणि कोणी काही विचारत नाही.

माझी गादी अब्बांनी मे महिन्यात भरली.

मला पुण्याच्या एका कॉलेजात बातमीदारी शिकायची होती. लेखी परीक्षेत प्रश्न आला, ‘वाटेत पाहिलेली एखादी घटना बातमीच्या रूपात लिहा.’ आता वाशीमहून निघालेल्या आमच्या एसटीत मालेगावला एक बकरी चढली होती, हे अगदी खरं. तिच्या मालकानं तिला दोन सिटांच्या मध्ये उभी केली आणि मेहकरला उतरवली, हेही खरं. पण एवढ्यावर कुठं पेपर भरतो? माझ्या बातमीत बकरीनं खिडकीची जागा धरली, कंडक्टरशी अर्ध्या तिकिटावरून वाद घातला, आणि डोणगावला चढलेल्या एका पुढाऱ्याला मेहकरपर्यंत उभं राहावं लागलं. त्याचं आश्वासन बकरीनं खाल्लं, हे मी शेवटच्या ओळीत टाकलं.

मुलाखतीला तिघं बसले होते. मधल्या मॅडम माझा पेपर वाचताना इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“हे खरंच घडलं?” त्यांनी विचारलं.

“बकरी खरी आहे, मॅडम.”

मग त्यांनी मला चहा पाजला. पुण्यात! कोणी सांगितल्याशिवाय! मी घरी येऊन जाहीर करून टाकलं की नंबर लागल्यातच जमा आहे. चहा कोणी उगाच पाजतं का?

अब्बांनी दिवाळीपासून जपून ठेवलेला पहिल्या वेचणीचा कापूस काढला. दोनदा पिंजला. कोपऱ्यांना लाल गोंडे लावले, हॉस्टेलात कोणाच्या गादीशी बदलू नये म्हणून. टिनाच्या छपरावर वाळत घातली तेव्हा ती अशी फुगली की शेजारची मांजर सकाळी तिच्यात बसली ती संध्याकाळी दिसायला लागली. सगळी गल्ली ती गादी बघून गेली. लग्नाच्या रुखवताला एवढी गर्दी होत नाही.

निकाल आला जुलैत, भर दुपारी, दुकानात, माझ्या फोनवर. निवड झालेली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ते पान इतक्यांदा उघडलं की फोन तापला, त्यावर पापड भाजला असता.

अब्बांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. दारातल्या बाकड्यावर मिरवत असलेली गादी गुंडाळली, दोरी बांधली आणि वरच्या फळीवर टाकली. अम्मी म्हणाली, “मंग आता जेवशील का तो फोनच खाशील?”

मी मागच्या खोलीत जाऊन कापसाच्या ढिगावर पालथी पडले. वाशीमला त्या वर्षी पाऊस कमी होता, ती कसर मी भरून काढली. थोड्या वेळानं अब्बा दारात आले.

“बेटा, रडाचं त फरशीवर रड. कापूस ओल धरते.”

मी उठले आणि फरशीवर जाऊन रडले. धंदा तो धंदा.

खरी पंचाईत पुढं सुरू झाली. वरच्या फळीवरचे लाल गोंडे रस्त्यावरून दिसायचे. जो तो विचारी, “पोट्टी गेली नाई काहून?” पहिले काही दिवस मी गिऱ्हाईक दिसलं की रजयांच्या मागं लपायची. पण गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही, अंगावर पुरळ येतं. मग मी उत्तरं द्यायला लागले. अंडेवाल्या चाचांना सांगितलं, कॉलेजची इमारत खचून राह्यली, आणखी एक माणूस आत गेला की बसते. निवृत्त गुरुजींना सांगितलं, कॉलेजवाले म्हणाले, तुम्हाला शिकवील असा माणूस सध्या आमच्याकडे नाही. गुरुजींनी मान डोलावली. त्यांना पटलं असावं.

गोष्टी आमच्या दुकानातून निघून एसटीनं जिल्हाभर फिरल्या. पंधरवड्यानं रिसोडचा एक माणूस उशा घ्यायला आला आणि बाकड्यावर टेकून मलाच सांगायला लागला, “तुमच्या वाशीमात म्हणे एका पोट्टीनं पेपरात असं काई लिवलं का तपासणारा मास्तर हासू हासू दवाखान्यात भरती झाला. आता कॉलेजच बंद हाय म्हणते.”

मला त्याचा हेवा वाटला. माझ्या गोष्टीपेक्षा ही चांगली होती.

पण गिऱ्हाईक गेलं की मधल्या मॅडम डोळ्यांपुढं यायच्या, चष्मा काढून डोळे पुसणाऱ्या. एवढं हसू आलं, तर घेतलं काहून नाही? आवडलं नसतं तर मी समजले असते. आवडूनही नको, याचा अर्थ लागेना. निकालापेक्षा हीच गोष्ट जास्त कुरतडायची. फळीवरच्या गादीकडे मी बघतही नव्हते.

अशातच धनजचा एक शेतकरी पोतं घेऊन आला. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सावरीच्या झाडाचा कापूस त्यानं उन्हाळाभर गोळा केला होता. रेशमासारखा, फुंकर मारली तर उडून जाईल असा. नव्या जावयासाठी त्याला उशा करून हव्या होत्या. अब्बांनी मूठभर हातात घेतला, गालाला लावला, डोळे मिटले. दुकानात एवढ्या प्रेमानं ते माझ्याशीही कधी वागले नव्हते. मग त्यांनी तो पोत्यात परत टाकला.

“नाई जमत भाऊ.”

“काहून? खराब हाय का?”

“खराब? असा कापूस म्या सालोसाल पाह्यला नाई. पण माह्या मशिनीत टाकला त सारा वाशीमभर उडून जाईन. मशीन लांब धाग्याची हाय. याले हाताचं काम लागते.” आणि त्यांनी त्याला जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईचं घर सांगितलं, जी सावरीच्या उशा हातानं भरते.

शेतकरी जरा नाराज होऊन पोतं उचलून गेला. अब्बा मशिनीकडे वळले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. मी मात्र स्टुलावर बसून हसायला लागले, कारण गालाला लावून, डोळे मिटून, मग पोत्यात परत टाकणं हा सगळा कार्यक्रम मी पुण्यात चहासकट बघून आले होते. त्यांना हवी होती बातमी. मी त्यांना बकरी दिली. ती बातमीच्या मशिनीत गेली असती तर पुणंभर उडाली असती.

आता याचा अर्थ मी लगेच शहाणी झाले असा नाही. मॅडमनी मला दुसरीकडचा पत्ता दिला नव्हता, हा राग मी आणखी आठवडाभर पुरवून खाल्ला. अब्बा तर उशीवाल्यालाही पत्ता देतात. पण एके सकाळी त्याचाही कंटाळा आला आणि मी जाऊन वाशीमच्याच कॉलेजात बीएला मराठी घेऊन नाव घातलं. तिथल्या बाबूनं मला चहा पाजला नाही. म्हणजे यावेळी काम पक्कं.

राहिली गादी. तिला हात लावायची अब्बांची हिंमत होईना आणि माझी इच्छा होईना. त्यातच एका दुपारी धो धो पावसात केनवडची एक बाई डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन दुकानात शिरली. मागं तिची मुलगी, ओली चिंब, मुकी. मुलीचा अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला होता. आदल्या दिवशी कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं.

“हॉस्टेलची गादी पाह्यजे भाऊ. आत्ताच.”

“पावसात भरत नाई मी, बाई.”

बाईनं वर बघितलं. “मंग ते काय वर टाकून ठेवली, मुरंब्याले?”

अब्बांनी माझ्याकडे बोट केलं. “ते तिची हाय. तिले विचारा.”

कोणी विचारलं नव्हतं तोवर ती गादी मला डोळ्यांसमोर नको होती. विचारल्याबरोबर ती माझ्या काळजाचा तुकडा झाली.

“मावशी, ती गादी काई खरी नाई,” मी आवाज उतरवून म्हणाले. “तिच्यावर जो झोपते, त्याले उठताच येत नाई. शेजारची मांजर झोपली त चौघायनं उचलून उतरवली. डाक्टर बोलावला जनावराचा.”

बाईनं पिशवी झटकली. “एवढंच? अव, हे माही पोट्टी निजली का भूकंपानं उठत नाई. मांगच्या साली वावटळीनं घरावरचे टिनं उडवले, बाजूच्या गावात सापडले. पलंग उचलून अंगणात नेऊन ठेवला वाऱ्यानं. हे आपली निजूनच! सकायी उठली न म्हणते कशी, माय, आज घरात उजेड लय पडून राह्यला.”

मी तोंड उघडलं. काही निघेना. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. अम्मीनं खोळीतून डोकं वर काढून बघितलं, पोरीला झटका आला की काय. मग मी हसले. पोट धरून, निकालानंतर पहिल्यांदा असं हसले की अब्बांना मशीन बंद करावी लागली. बाई मात्र शांत उभी. खऱ्या कलावंताला स्वतःच्या गोष्टीवर हसू येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

स्टुलावर चढून मी गादी खाली काढली. अब्बा कात्री घेऊन लाल गोंडे कापायला निघाले.

“राहू द्या,” मी म्हणाले. “ओळख पटते.”

दोरी बांधताना इतका वेळ मुकी असलेली मुलगी माझ्याजवळ सरकली. आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “ताई, तिथं मले नाई जमलं त?”

माझ्याकडे या प्रश्नाची डझनभर उत्तरं होती, एकाहून एक झोकदार. पण तिच्या तोंडाकडे बघून एकही सांगवेना.

“त गादी घेऊन वापस ये,” मी म्हणाले. “आम्ही उसवतो न रजई करून देतो. कापूस तोच राह्यते.”

तिनं मान हलवली. मायलेकी गादीवर प्लास्टिक टाकून, ती नवरीसारखी मधे धरून ऑटोत बसल्या. ऑटोचं मागचं चाक खाली गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढा कापूस होता तिच्यात.

दिवाळीनंतर नवा कापूस आला. माझं कॉलेज बरं चाललं होतं. बकरीची गोष्ट मी वर्गात वाचून दाखवली होती, त्यात आता पुढाऱ्याच्या जागी अख्खं शिष्टमंडळ उभं होतं, आणि मराठीचे सर म्हणाले होते, पुढं काय झालं ते लिहून आण. एका सकाळी अब्बांनी टेप काढला.

“तुही गादी भरतो. माप सांग.”

“हॉस्टेलचं नको.”

“मंग?”

मी माझ्या खोलीत गेले आणि हात पसरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दाखवलं. अब्बा म्हणाले, एवढ्या कापसात गाव झोपते. मग त्यांनी तेवढाच कापूस पिंजला. कोपऱ्यांना परत लाल गोंडे लावले. घरातल्या घरात ती कोणाच्या गादीशी बदलणार होती, देव जाणे. आता मी दिवसातून कितीही वेळा कूस बदलते, फरशी काही लागत नाही. शेजारचे अधूनमधून येऊन मांजरीची चौकशी करतात. मी त्यांना सांगते, आत आहे, येईल वर.