सानिकाला इलेक्ट्रिशियनच व्हायचंय

मंडळी, आज दुपारी चंदगडला आयटीआयमध्ये बापलेकीचा एक वाद ऐकला. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मी हायस्कूलला शिकवते. यंदा दहावी झालेली माझी विद्यार्थिनी सानिका वडिलांबरोबर प्रवेशासाठी आली होती. तिनं हट्टानं मलाही सोबत नेलं. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. वडील मात्र घरूनच शिवणकाम ठरवून आले होते.

तिथल्या सरांनी विचारलं, "कुठला ट्रेड?"

"शिवण," वडील म्हणाले.

"इलेक्ट्रिशियन," सानिका म्हणाली.

वडील भडकले. "पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं व्हय?"

"आबा, काजू काढायला दरवर्षी झाडावर मलाच चढवता की! तवा न्हाय आठवत, मी पोरगी हाय ते?"

सरांना हसू आलं. मला वाटलं, आबा आता तिला ओढत घरी नेणार. पण त्यांनी खुर्ची सरांच्या टेबलाजवळ सरकवली. मग हळू आवाजात सरांना म्हणाले, "शॉक बसू नये म्हणून काय शिकवता का न्हाय?"

"पहिल्यांदा तेच शिकवतो."

"मग घाला इलेक्ट्रिशियनला."

म्हणजे लोकलाजेपेक्षा पोरीच्या जिवाची काळजी मोठी होती. ती त्यांनी आधी बोलूनच दाखवली नव्हती.

परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पक्कड गडहिंग्लजला चांगली मिळंल, का कोल्हापूरलाच जाऊ?"

तुमच्या घरी दहावीनंतर मुलीनं काय शिकायचं, हे कोण ठरवतं? आणि तिला आधी विचारतं का कुणी?