सुंदरीचे खूर आणि मलकापूरचा वाण

गाईचे खूर बिघडले की दोष सुनेच्या माहेराचा, हे आमच्या घरात मी ठरवून टाकलं होतं. कारण गाय तिकडूनच आली होती. सून शोभा मलकापूरची. तिच्या वडिलांनी हौसेनं सुंदरी गाय धाडली आणि वर्षभरात सुंदरीचे खूर चपलेसारखे लांब वाढले, नख्या फाकल्या, गाय लंगडायला लागली.

"वाणच तसला!" मी म्हणाले.

"आत्ती, हिची आई आमच्याकडं रोज डोंगर चढती की!"

"चढत असंल. हितनं दिसत न्हाय."

शोभा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. (घर कसं शांत! मला बरंच वाटलं.)

मग मुलानं गाय विकायचं काढलं. शोभा रडायला लागली. माहेरची गाय ती! म्हणून मीच तोडगा काढला. गाय ठेवू, पण पुढचं वासरू मजबूत खुराच्या वळूपासून घेऊ. वाण सुधारू!

सुंदरीला टेम्पोत घालून आम्ही सासू-सुना कागलकडच्या एका वळूवाल्याकडे गेलो. मी वळूचं तोंड बघितलंच नाही. खाली बसून चार खूर बघितले.

"चालवून दाखवा. आता वळवा. आता दगडावरनं."

मालक वैतागला. "मावशी, वळू बघाय आलायसा का नवरी?"

"नवरी बघताना एवढं बघितलं न्हाय, म्हणून तर हितं यायची पाळी आली!"

शोभा मागेच उभी होती. आणखी तीन दिवस शांतता.

कालवड झाली. खूर काळेभोर, घट्ट, जशा नारळाच्या करवंट्या! मी सगळ्या गल्लीला बोलावून तिचा पाय उचलून दाखवला. तिनं माझ्या गुडघ्यावर लाथ घातली. खूर मजबूत असल्याची खात्रीच पटली!

वर्षानं कालवडही लंगडायला लागली.

"मलकापूरचं रक्त लई जबर हाय," मी म्हणाले.

शोभानं माझ्याशी वाद घातला नाही. सरळ जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं गोठ्यात पाय टाकला तोच पचकन पाणी उडालं.

"गोठा कोण धुतंय?"

"मीच. दिवसातनं तीनदा," मी ताठ मानेनं सांगितलं. "हितं फरशीवर बसून जेवाल तुमी!"

"आन् वाळतोय कवा?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"वाण सोन्यासारखा हाय, आज्जी. जनावरं रातंदिस पाण्यात हुबी. खूर मऊ पडणार न्हायत तर काय? गोठा कोरडा ठेवा, खूर तासून घ्या, रोज फिरवून आणा." बोलता बोलता त्याची नजर माझ्या पायांवर गेली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, सगळी कातडी पांढरीफटक. "हे काय?"

"ते व्हय? ते आमच्या माहेरचं हाय. आईचं पाय बी असंच होतं."

"आई बी गोठाच धुवायच्या न्हवं?"

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. शोभा तोंडात पदर कोंबून आत पळाली.

आता गोठा शोभा बघते. कोरडा झाडते, दोघींना माळावर फिरवते. सुंदरी आणि तिची लेक ताठ चालतात. लंगडते ती मी एकटीच. रोज संध्याकाळी शोभा मलमाची ट्यूब आणून माझ्या हातात देते आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणते,

"घ्या आत्ती. वाणाचं औषध!"